अनोळखी भुंगेरा दिसला तर: मोबाईलवर फोटो की पारदर्शक डबी?

पावसाळ्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नाहीतर तळजाईला फिरताना न पाहिलेला भुंगेरा दिसला की तो आहे तिथंच फोटो काढायचा की डबीत घेऊन नीट बघून सोडून द्यायचा, हा प्रश्न बरेच जण विचारतात. बोटानं उचलणं मी यात धरतच नाही.

फोटोत कीटकाला त्रास नाही, शिवाय कुठल्या झाडावर होता तेही येतं आणि ओळख पटवायला झाड फार कामाचं. काळ्या अंगावर केशरी पट्टे असलेले ब्लिस्टर बीटल तर फुलं खात निवांत बसतात, त्यांना फोटोच पुरतो. दाबले गेले तर पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव सोडतात, त्यातल्या कँथारिडिननं कातडीवर फोड येतात.

पण बाकीच्यांचं काय, तर फोन जवळ नेला, सावली पडली की कितीतरी भुंगेरे, सोंडकिडे तर हमखास, पाय आवळून मेल्याचं सोंग घेतात आणि टपकन खाली गवतात पडतात, मग बसा शोधत! माझं मत फिरलं ते याच वैतागानं. कारण डबीवाल्याला हीच खोड उपयोगी पडते, पानाखाली उघडी डबी धरायची, वरून पान हळूच हलवलं की भुंगेरा आपणहून आत.

आणि मग खालची बाजू दिसते, जी वरून काढलेल्या फोटोत येत नाही. मिशीच्या टोकाला पंख्यासारखी पाती उघडत असतील तर तो शेणकिडे-हुमणीच्या घराण्यातला. भिंगातून पाय बघा, टोकाचे बारके सांधे पुढच्या दोन जोड्यांत पाच-पाच आणि मागच्या जोडीत चार असतील तर ब्लिस्टर बीटलची शंका घ्यायला जागा आहे, इतरही काही कुळांत तसंच असतं म्हणा. फक्त डबी उन्हात ठेवू नका, आत लगेच तापतं, दोन-चार मिनिटांत त्याच झाडावर सोडा.

रात्री ट्यूबलाइटखाली येणारा मुंगीसारखा काळा-केशरी बारका पेडेरस हा भुंगेरा मात्र वेगळा, तो चावत नाही पण अंगावर चिरडला तर एक-दोन दिवसांत कातडी भाजल्यासारखी होते. फुंकर मारून उडवा, नाहीतर कागदावर चढवून बाहेर सोडा आणि अंगावर जिथं बसला होता ती जागा साबणानं धुवा.

लहान मुलं बरोबर असतील तर फोटोच बरा, एरवी माझ्या खिशात डबीच असते.