लागोसमध्ये गॅस कुठे भरायचा? आमच्या जवळचा प्लांट, ५ पैकी ४ स्टार

आम्ही नायजेरियात लागोसला इकेजा भागात राहतो, नवीन आलेले मराठी लोक पहिल्याच आठवड्यात विचारतात की गॅसचं काय करायचं, म्हणून घराजवळच्या प्लांटबद्दल नीट लिहितेय. आपल्याकडे नंबर लावला की १४.२ किलोची भरलेली टाकी दारात येते न रिकामी परत जाते तसं इथे नाही, टाकी आपली स्वतःची (आमची १२.५ किलोची आहे), तीच उचलून न्यायची, भरून आणायची, पैसे किलोवर. तीनच किलो हवा तर तीनच भरून मिळतो, महिनाअखेरीला फार बरं पडतं हे.

मला हा प्लांट आवडला तो काट्यामुळे! तिथला मुलगा टाकी आहे तशी आधी काट्यावर ठेवतो, आकडा आपल्याला दाखवतो, कडीजवळ कोरलेलं रिकाम्या टाकीचं वजन त्यातून वजा करतो आणि मगच पाइप लावतो. मागच्या वेळी मी १२.५ भर म्हणाले, पण आत दीड किलो शिल्लक होता, तर त्याने ११च भरला न ११चेच पैसे घेतले. टाकी काठोकाठ भरायची नसते, उन्हाने आतला गॅस फुगतो, त्याला वर जागा लागते, हे त्यानेच सांगितलं.

याआधी रस्त्यावरच्या एका दुकानात भरायचो. तिथे मोठ्या टाकीतून छोटीत ओततात, काटा आपल्याला दिसतच नाही, पाच आठवडे जाणारी टाकी साडेतीनमध्ये संपली. आणि शेजारी चालू शेगडीवर तळण चाललेलं! लेकरांना घेऊन तिथे उभी राहिले होते मी, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. प्लीज असल्या ठिकाणी जाऊ नका.

भावाचं म्हणाल तर तो प्लांटवाल्यांच्या हातात फारसा नाही. बॉनी बेटावरची नायजेरिया एलएनजी ही गॅस कंपनी २००७पासून देशात एलपीजी देतेय, २०२२मध्ये त्यांनी सगळाच एलपीजी देशातच द्यायचं ठरवलं, तरी भाव डॉलरच्या मागे पळतो न नायरा (इथलं चलन) घसरला की पाटीवरचा आकडा बदलतो.

एक स्टार कापला कारण घरपोच सोय नाही, टाकी डिकीतून आणताना काचा उघड्या ठेवाव्या लागतात. शनिवारी सकाळी गर्दी असते, मंगळवार-बुधवारी दुपारी गेलात तर दहा मिनिटांत काम होतं.