आर्चटॉपचं वायरिंग बदललं: सीटीएस पॉट आणि स्विचक्राफ्टचे जॅक-टॉगल कसे वाटले

निकाल आधीच सांगतो. आर्चटॉपचा (वरची फळी फुगीर असलेल्या पोकळ गिटारचा) आवाज गढूळ येतोय म्हणून नवे पिकअप (तारांचं कंपन पकडून अँपकडे पाठवणारे) मागवायच्या विचारात असाल तर जरा थांबा, आधी पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा फिरता रेझिस्टर), टॉगल (पिकअप निवडायचा खटका), जॅक (केबल खुपसायची जागा) आणि आतली वायर बदला. हे सगळं मिळून चांगल्या पिकअपच्या एका जोडीपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि माझ्या गिटारला तरी नव्या पिकअपची गरजच उरली नाही.

माझी गिटार गिब्सन ईएस-१७५ च्या धाटणीची, म्हणजे पूर्ण पोकळ, दोन हंबकर (दुहेरी कॉइलचे पिकअप), दोन व्हॉल्यूम, दोन टोन, टॉगल वरच्या खांद्यावर. या किमतीतल्या गिटारींचं लाकूडकाम खरंच सुरेख असतं, काटकसर होते ती आतमध्ये, जिथे घेणाऱ्याची नजर जात नाही. पुण्याचा पावसाळा अंगावर काढल्यावर नॉब फिरवला की खरखर, टॉगल मधे ठेवला की एक पिकअप गायब, केबल जरा हलली की आवाज बंद. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की थोडे दिवस बरं वाटायचं मग परत तेच, कारण पॉटमधली कार्बनची पट्टीच झिजली असेल तर स्प्रे काय करणार. मल्टीमीटर लावला तर ५०० के (किलो-ओहम) लिहिलेला एक पॉट ४०० च्याही खाली निघाला. पॉटचे ओहम जितके कमी तितकी पिकअपची वरची धार (ट्रेबल) दबते, आणि फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा लावलेल्या आर्चटॉपला धार आधीच बेताची असते.

म्हणून सीटीएस कंपनीचे ५०० के ऑडिओ टेपर (कानाला आवाज सारखा वाढतोय असं वाटणारे) पॉट चार, स्विचक्राफ्ट कंपनीचा टॉगल आणि जॅक, ०.०२२ मायक्रोफॅरडचे साधे फिल्म कपॅसिटर दोन, आणि वरून जाळी असलेली शील्डेड वायर. महागडे ऑइलवाले कपॅसिटर मुद्दाम नाही घेतले, मायक्रोफॅरडचा आकडा सारखा असेल तर टोनमध्ये फरक ऐकू येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. वायरवर मात्र पैसे वाचवू नका. सॉलिड बॉडीत (भरीव लाकडाच्या गिटारमध्ये) खाचेला तांब्याची पट्टी चिकटवता येते, इथे तशी खाचच नसते, त्यामुळे गुणगुण अडवायचं काम त्या जाळीलाच करावं लागतं.

मागवण्याआधी मापं बघून घ्या. सीटीएसची मान ३/८ इंच म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर, आणि आशियाई गिटारींना बऱ्याचदा ८ मिलिमीटरचं भोक असतं. ते मोठं करायला ड्रिल लावू नका, पॉलिश उडतं, हाताने रीमर किंवा गोल कानस घेऊन हळूहळू करा. जुने नॉबही बसत नाहीत, दात्यांची संख्या वेगळी असते, टॉगलच्या टोपीचे आटेसुद्धा वेगळे. एफ-होलची (वरच्या फळीतल्या f आकाराच्या भोकाची) रुंदी पण मोजा, २४ मिलिमीटरचा पॉट आत जात नसेल तर एकतर पिकअप काढून त्या भोकातून घालायचा नाहीतर १६ मिलिमीटरचे छोटे पॉट घ्यायचे.

आता खरं काम. आर्चटॉपला मागे झाकण नसतं, सगळं एफ-होलमधून. तारा काढायच्या आधी ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या) दोन्ही पायांशी मास्किंग टेप लावून जागा पक्की करा, कारण ब्रिज नुसता तारांच्या दाबावर उभा असतो. नंतर पुठ्ठ्यावर भोकांचा नकाशा काढून त्यात पॉट बसवून सगळं सोल्डरिंग बाहेरच उरकायचं आणि आत घालण्याआधी अँपला जोडून बघायचं, पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवला की टक टक ऐकू आलं पाहिजे. प्रत्येक पॉटच्या दांड्यावर फिशटँकची सिलिकॉन नळी घट्ट चढवली, टॉगल आणि जॅकला तंगूस बांधला, दुसरी टोकं भोकांतून बाहेर घेतली आणि एकेक करून ओढत गेलो. जाळी उघडी असते त्यामुळे पॉटच्या पायांना कुठे टेकू नये म्हणून हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) घातलं. आणि वायर आत मोकळी लोंबकळू देऊ नका, ठराविक स्वराला ती लाकडावर थरथरते आणि आपण फ्रेट तपासत बसतो! स्पंजचा तुकडा पुरतो. ग्राउंडची वायर टेलपीसला (तारांची मागची टोकं अडकवलेल्या धातूच्या भागाला) जाते, ती नीट लागली आहे ना ते मीटरने बघाच, ब्रिज लाकडी असल्यामुळे तारांना ग्राउंड मिळायचा रस्ता तोच.

जोडणी मी पन्नाशीच्या दशकातल्या पद्धतीची केली, म्हणजे टोनची लाईन व्हॉल्यूम पॉटच्या इनपुटऐवजी मधल्या पायावर. याने व्हॉल्यूम कमी केला तरी वरची धार टिकते. जॅझ वाजवणाऱ्याला याचं मोल फार आहे, मागे कॉर्ड धरताना व्हॉल्यूम सहावर आणि सोलोला दहावर असं सतत चालू असतं, आधी सहावर आलं की आवाजावर गोधडी टाकल्यासारखं व्हायचं, आता कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. बदल्यात टोन फिरवला की व्हॉल्यूमही किंचित हलतो, ते मला चालतं. टॉगल मधे असताना एक व्हॉल्यूम शून्यावर नेला तर दोन्ही पिकअप बंद होतात, तो बिघाड समजू नका, नेहमीच्या जोडणीत तसंच होतं.

स्विचक्राफ्टच्या जॅकबद्दल एकच सांगायचंय, प्लग आत गेल्यावर जी पकड जाणवते ती स्वस्त जॅकमध्ये नसते. टॉगलचा खटका जड आणि नेमका आहे, चालू गाण्यात बिनधास्त मारता येतो. पॉटची फिरत मात्र थोडी घट्ट आहे, करंगळीने व्हॉल्यूम फुगवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

फीडबॅक (अँपचा आवाज परत गिटारमध्ये शिरून होणारा घुमारा) याने जाणार नाही, तो पोकळ अंगाचा स्वभाव आहे, त्याला अँपपासून लांब बसणं आणि एफ-होल बंद करणं हेच इलाज. सोल्डरिंगचा सराव नसेल तर सामान स्वतः आणून कारागिराला द्या, पण आधी विचारा की पोकळ गिटार उघडलीये का कधी, आणि जोडणी कशी हवी ते कागदावर काढून द्या. काम झाल्यावर तारा लावून बाराव्या फ्रेटवर ट्यूनरने सूर तपासा, टेपच्या खुणेवर ब्रिज ठेवला तरी केसभर सरकवावा लागतोच.