नागमोडी केसांसाठी घरगुती जवसाचे जेल: पाडव्यापासून दिवाळीपर्यंतच्या वापराचा अनुभव

घरी केलेले जवसाचे जेल मी पाडव्याच्या सुमारास वापरायला घेतले आणि दिवाळीपर्यंत पुण्याचा उन्हाळा, पावसाळा व ऑक्टोबरचा उष्मा या तिन्हींत ते नियमितपणे वापरले. माझे मत आधीच सांगते. कोरड्या हवेत हे जेल बाजारातील महागड्या जेलांच्या तोडीचे आहे, जुलै-ऑगस्टात ते अपुरे पडते, आणि मुळात केस नीट स्वच्छ झालेले नसतील तर ते कोणत्याच ऋतूत उपयोगाचे नाही.

माझे केस खांद्याच्या खाली येतात. ते मुळाशी सरळ आहेत, कानापासून खाली त्यांना वळणे पडतात, आणि प्रत्येक केस बारीक असला तरी एकूण केस दाट आहेत. ओप्रा विन्फ्रीचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात जी वर्गवारी रूढ केली, तिच्यात सरळ केस पहिल्या, नागमोडी दुसऱ्या, कुरळे तिसऱ्या आणि अतिकुरळे चौथ्या गटात येतात; त्या हिशेबाने माझे केस २बी, म्हणजे दुसऱ्या गटातील मधल्या उपप्रकाराचे, म्हणावे लागतील. आपल्याकडे असे केस असलेल्या पुष्कळ जणींना ते नागमोडी आहेत हे ठाऊकच नसते, कारण वाळलेले केस दिवसातून दोनदा बारीक दातांच्या फणीने विंचरायचे, म्हणजे ते पिंजल्यासारखे फुलतात, आणि मग ‘राठ आहेत’ म्हणून तेल चोपडून घट्ट वेणी घालायची, ही आपली पिढ्यान्पिढ्यांची पद्धत आहे. पार्लरमध्ये गेले की त्यावरचा उपाय म्हणून रसायने लावून केस गुळगुळीत करणारे स्मूदनिंग किंवा केराटिन सुचवले जाते. त्यांतील काही रसायनांतून उष्णता दिल्यावर फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू बाहेर पडतो, एवढे कारण मला नकार द्यायला पुरेसे होते.

केसाचे वळण त्याच्या मुळाच्या, म्हणजे त्वचेतील कूपाच्या, आकारावर ठरते आणि कोणतेही जेल ते निर्माण करू शकत नाही. मात्र केस ज्या प्रथिनाचे बनतात त्या केराटिनच्या साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. त्यामुळे ओला केस ज्या आकारात वाळेल, तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत बऱ्याच अंशी टिकतो, आणि जेलचे काम केस वाळेपर्यंत त्याला त्या आकारात धरून ठेवण्याचे असते. दमट हवेत तेच बंध पुन्हा सैल होतात, म्हणून पावसाळ्यात केस फुगतात.

कुरळ्या केसांसाठी दिला जाणारा सल्ला नागमोडी केसांना जसाच्या तसा लावू नये, असे या महिन्यांच्या वापरानंतर मी ठामपणे म्हणेन. कुरळ्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत सहज पोहोचत नाही, म्हणून त्यांना जड क्रीम आणि वरून तेल मानवते. आमच्या केसांवर तोच थर बसला की दुपारपर्यंत लाटा खाली ओघळतात आणि मुळे चिकट दिसू लागतात. मी कंडिशनर फक्त कानाखालच्या केसांना लावते व तो पूर्ण धुऊन टाकते. खोबरेल तेल मात्र सोडलेले नाही. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, हे प्रयोगांत दिसले आहे. सूर्यफुलाच्या तेलाने तसे घडत नाही. फक्त ते धुण्याच्या आधी तास-दोन तास थोडे लावायचे आणि नंतर शाम्पूने पूर्णपणे काढायचे.

आता जेलविषयी. जवस अख्खे आणि न भाजलेले हवेत. चटणीसाठी केलेली पूड चालत नाही, कारण तिचा गाळ नंतर केसांतून निघता निघत नाही. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मध्यम आचेवर ठेवून सतत ढवळावे लागतात, नाहीतर ते तळाला बसतात. जवसाच्या सालीतील बुळबुळीत द्रव्य गरम पाण्यात उतरू लागले की आधी कडेने पांढरट फेस येतो, मग पाणी जड होते, आणि पळी वर उचलली असता धार तुटण्याऐवजी तार लोंबू लागते. त्या क्षणी गॅस बंद करून लगेच गाळावे. ही वेळ फार महत्त्वाची आहे: दोन मिनिटे जास्त उकळले तर गार होताना त्याचा असा गोळा होतो की गाळणीतून थेंब पडत नाही आणि जवस त्यात अडकून बसतात. मी स्टीलच्या गाळणीऐवजी धुतलेला जुना नायलॉनचा पायमोजा वापरते. त्यात भरून वरून खाली पिळत आणले की जेल स्वच्छ निघते. दिसायला सुंदर प्रकार नाही, पण सुती फडक्यापेक्षा पुष्कळ बरा.

धुतल्यावर केस ओलेचिंब असतानाच, मान खाली घालून, चमचाभर जेल तळहातांवर पसरून केसांच्या बटांवरून फिरवावे आणि नंतर टोके मुठीत धरून मुळांकडे दाबत जावे. टॉवेलने खसाखसा पुसू नये. जुन्या सुती टी-शर्टाने त्याच पद्धतीने पाणी टिपून घ्यावे. वाळल्यावर बटा कडक लागतात आणि पहिल्यांदा वापरणारीला धास्ती वाटते, पण केस पूर्ण वाळल्यावर हाताने हलके चुरले की तो कडकपणा जातो आणि लाट राहते. माझ्या आईला हे अजून पटलेले नाही. ‘अगं, निदान विंचरून तरी जा,’ हे वाक्य मी माहेरी गेले की हमखास ऐकते.

पुण्यात खरी अडचण दुचाकीची आहे. अर्धवट वाळलेल्या केसांवर सुती स्कार्फ आवळून वर हेल्मेट चढवले की कार्यालयात पोहोचेपर्यंत डोक्याचा वरचा भाग चपटा आणि टोके विस्कटलेली, असा अवतार होतो. म्हणून मी रात्री केस धुते आणि सकाळी तुळशीबागेतून आणलेला साटीनचा रुमाल आतून बांधून त्यावर हेल्मेट घालते. त्याने घर्षण कमी होते. चपटेपणा थोडा राहतोच.

एप्रिलच्या दुपारी, हवा अगदी कोरडी असताना, दोन दिवस लाटा जशाच्या तशा राहिल्या. एवढेच की जेल जास्त झाले तर कोंड्यासारखे पांढरे कण पडतात. पावसाळ्यात सकाळची आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. तेव्हा जवसाचा थर हवेतील ओलावा शोषून मऊ पडतो आणि संध्याकाळपर्यंत पकड संपते. त्या दोन महिन्यांत मी त्यावर बाजारातील घट्ट पकडीचे, ग्लिसरीन नसलेले जेल थोडेसे लावले. दोन्ही मिळून काम भागले, पण निव्वळ घरगुती उपायाचे समाधान उरले नाही.

मला सर्वात अनपेक्षित वाटला तो पाण्याचा परिणाम. वाघोलीत आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचे पाणी येते. बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो आणि नळाची जाळी अधूनमधून घासावी लागते. माहेरी शनिवार पेठेत खडकवासल्याहून येणारे महापालिकेचे मऊ पाणी आहे. तोच शाम्पू, तेच जेल, पण तिथे धुतलेले केस हलके राहतात आणि इथे काही आठवड्यांत निस्तेज, जड होतात. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार केसांवर साठतात, हे त्याचे कारण. घटकांच्या यादीत ईडीटीए असलेला, क्षार काढणारा शाम्पू महिन्यातून एकदा वापरल्यावर फरक स्पष्ट दिसला. ज्या मैत्रिणी जेल बदलून बदलून थकल्या आहेत, त्यांनी आधी आपल्या बादलीचा काठ पाहावा.

खर्च नगण्य आहे. पाव किलो जवसात अनेक वेळा जेल होते. त्रास साठवणीचा आहे. फ्रिजमध्ये ते आठवडाभर टिकते, त्यानंतर आंबूस वास येऊ लागतो आणि तसे झाले की टाकूनच द्यावे. मी ते बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि धुण्याच्या आदल्या दिवशी दोन खडे वाटीत काढून ठेवते. केस फार विरळ असतील किंवा टाळूला खाज, खपल्या असतील तर हा प्रयोग न करता आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ज्यांना रोज सकाळी केस धुऊन घाईने बाहेर पडावे लागते, त्यांनाही मी हे सुचवणार नाही, कारण ड्रायरशिवाय ते वाळायला माझ्या केसांवर तीन तास सहज लागतात.