पाळी यायची आहे, की दिवस गेलेत?

वेचणीच्या दिवसांत माझं अर्धं काम पराटीच्या ओळीतच होतं. मी गावात आशा म्हणून फिरते. मागच्या हंगामात एक सूनबाई कमरेच्या ओट्यात कापूस भरता भरता हळूच म्हणाली, "ताई, छाती ठनकते वो, चार दिवसांपासून जेवन बी जात नाई. पाळी याची आहे का दिवस गेले?" सासू दोन ओळी पलीकडे होती, म्हणून आवाज बारीक.

मी उलट विचारलं, "तारीख कोनती तुही?" तारखेला अजून सहा दिवस होते. म्हटलं, आज तुलाही सांगता येत नाही अन् मलाही.

याचं कारण शरीरातच आहे. अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं, मग गर्भ राहो की न राहो. छाती जड होणं, पोट फुगणं, संडासला कडक होणं, झोप येणं, यात त्याचा मोठा हात. गर्भ नसेल तर साधारण दोन आठवड्यांत ते उतरतं आणि पाळी येते. गर्भ असेल तर उतरत नाही. म्हणजे तारखेपर्यंत दोन्हीकडची लक्षणं सारखीच. "मला तर दुसऱ्याच दिवशी कळलं होतं" असं सांगणाऱ्या काकू प्रत्येक गावात असतात. त्यांचं ऐकून घ्यायचं, बस.

तारखेच्या आसपास मात्र थोडा फरक दिसू लागतो. पाळीआधीची छातीची ठणक पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत ओसरते. दिवस गेले असतील तर ती टिकते आणि पुढं स्तनाच्या बोंडाभोवतीचा भाग काळसर होतो. चिडचिडीचंही तसंच, अंगावरून गेलं की मन हलकं होतं. मळमळ पाळीआधीही एखादीला होते, पण सकाळी चुलीवर फोडणी पडली की कोरड्या ओकाऱ्या, असं रोज होऊ लागलं तर पारडं गर्भाकडं झुकतं. ही मळमळ बहुधा पाळी चुकल्यावरच सुरू होते, आधी नाही. चिंच-बोरं खावीशी वाटण्याला मी काही किंमत देत नाही. हंगामात ती सगळ्यांनाच खावीशी वाटतात. थकव्यालाही नाही. दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई थकणारच, त्यात रक्त कमी असेल तर विचारूच नका.

सगळ्यात फसवा असतो तो डाग. गर्भ पिशवीला चिकटतो तेव्हा काही जणींना, सगळ्यांना नाही, गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. तो एक-दोन दिवसांत थांबतो, कापड भिजत नाही, गाठी पडत नाहीत. पाळीचा रंग लाल, दुसऱ्या दिवशी जोर वाढतो. पण हा डाग नेमका तारखेच्या आगेमागेच येतो, म्हणून बाया त्याला 'यावेळी कमी गेलं' म्हणून सोडून देतात. मग बाळंतपणाच्या तारखेचा हिशेब महिनाभर चुकतो.

खरा निवाडा किटचा. आमच्याकडं गर्भ तपासायचं निश्चय किट फुकट मिळतं, मेडिकलमधलंही चालतं. तारीख उलटल्यावर, सकाळची पहिली लघवी, किटच्या खिडकीत पाकिटावर लिहिले असतील तेवढेच थेंब, आणि पाच मिनिटं. दोन रेघा म्हणजे गर्भ आहे. दुसरी फिकी असली तरी रेघच. एकच रेघ, किटवरच्या 'सी' अक्षरापाशी, म्हणजे नाही. 'सी'पाशीच रेघ नसेल तर किट वाया, दुसरं घ्या. एक रेघ आली आणि तरी पाळी नाही, तर आठवड्यानं पुन्हा करा.

पाळी चुकली म्हणजे दिवसच गेले असंही नाही. अंतरा हे पाळणा लांबवायचं इंजेक्शन घेणाऱ्यांची पाळी महिनोन्‌महिने बंद राहू शकते, त्याच कामाच्या छाया गोळ्यांनी लांबते, अंगावर पाजणाऱ्यांचीही बऱ्याचदा येत नाही. आणि महालक्ष्म्या झाल्या की माझ्याकडं रांगच लागते: सणासाठी पाळी पुढं ढकलायची गोळी घेतलेली असते. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी यायला हवी. आठवडा उलटला तर किट लावा.

शंका असेपर्यंत अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नका, लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. फवारणीच्या वावरात जाऊ नका. दोन रेघा आल्या तर उपकेंद्रात नाव नोंदवा आणि फोलिक ॲसिड सुरू करा. मूल नको असेल तरी मेडिकलमधून गोळी आणून घरीच घेऊ नका; 1971 च्या कायद्यानं गर्भपात मान्यताप्राप्त दवाखान्यात करता येतो आणि सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. हे सांगितलं की अजून बऱ्याच जणी माझ्याकडं बघतच राहतात.

एका गोष्टीत मात्र वाट बघायची नाही. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला कळ, चक्कर, खांद्यात दुखणं, थोडं रक्त: गर्भ नळीत असू शकतो. लगेच 108 ला फोन करा, मग रात्र असो की वेचणी.

त्या सूनबाईला मी किट दिलं, तिनं ते ओट्यातल्या कापसात खाली दाबलं. सातव्या दिवशी पहाटे दारात आली, किट फडक्यात गुंडाळलेलं. "ताई, दुसरी रेघ लय फिकी हाय. मोजाची का?"

"मोजाची," म्हटलं, आणि नोंदीचं रजिस्टर काढलं.