शेवंडीची शेपटी की वैनगंगेचे झिंगे, अन शिजवायचं कशात?

बायको माझी कोकणातल्या देवगडकडची न मी पवनीचा, वैनगंगेच्या काठचा. लग्नाला १० वर्षं झाली तेव्हा विचारलं काय करू तुझ्यासाठी, तर म्हणे शेवंड. शेवंड म्हणजे लॉब्स्टर हो. कोकणचा समुद्र आमच्याहून नऊशेक किलोमीटर, पण नागपुरात आता फ्रोझन शेपट्या भेटतात, गेलो न थर्माकोलच्या डब्यात घेऊन आलो. तेव्हापासून तीनदा केल्या, एकदा पार वाट लावली, दोनदा मस्त जमल्या. आता लहान भाऊ विचारून राहिला, त्याच्याकडे सासरचे जेवायला येऊन राहिले, दादा लॉब्स्टर करू का झिंगेच (कोळंबी हो) आणू, अन करायचा तर कशात करू. त्याला फोनवर सांगितलं तेच सगळं लिहितो.

पहिले शेपटीच का विकतात ते पाहा. फोटोत तो मोठ्या नांग्यावाला लॉब्स्टर दिसतो ना, तो अमेरिका-कॅनडाच्या समुद्रातला. आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला तशा नांग्याच नसतात, काटेरी अंग न लांब मिशा, त्यामुळे खायचं मांस जवळपास सगळं शेपटीत. न शेपटीचं वजन अख्ख्या शेवंडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणून भाव ऐकून माणूस गप्प होतो. एका माणसाला एक शेपटी धरा, १५० ग्रॅमवाली. घेताना नेट वजन विचारा कारण वरून बर्फाचा थर दिलेला असतो, मला पहिल्या वेळी २०० ग्रॅम म्हणून दिलेली शेपटी घरी बर्फ उतरल्यावर १६० भरली, दुकानदार म्हणे असंच येते माल. मांसावर काळे डाग असतील किंवा उघडल्यावर अमोनियासारखा उग्र वास आला तर सरळ परत करा, मसाल्यात दाबून टाकू असा विचार करू नका.

आता झिंगे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यातले, मामा तलावातले (मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातले, बाहेरच्यांना सांगावं लागते), सकाळी मासे धरणाऱ्या ढिवर बांधवांकडून घेतले तर दुपारी ताटात. वैनगंगा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते, न गोदावरीचा झिंगा नावाजलेला आहेच. मोठ्या नराच्या लांब निळ्या नांग्या असतात, पाहुण्यांसमोर परात ठेवली तर दिसायलाही काही कमी नाही. पण एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, गोड्या पाण्यातल्या झिंग्याचं डोकं लवकर वेगळं करावं लागते. डोक्यात जो पाचक रस असतो तो झिंगा मेल्यावर मांसात उतरतो न मांस पिठासारखं भुसभुशीत होते. म्हणून आणले की चहा नंतर, पहिले डोकी काढा. ती टाकून देऊ नका, ताज्या डोक्यांचाच रस्सा चढतो.

चवीचं म्हणाल तर शेवंड गोडसर, घट्ट, खारट हवेची थोडी आठवण असलेली, तिला लोणी, लसूण, मिरे, लिंबू एवढंच पुरे. झिंगा मऊ, त्याला सावजी मसाला झेपतो, तर्री झेपते, वरून सांबार (कोथिंबीर हो, आमच्याकडे सांबारच म्हणतात) न बाजूला भाताचा ढीग. याच्या उलटं केलेलं पाहिलंय मी, एका लग्नघरी शेवंडीवर सावजी मसाला ओतला, एवढ्या पैशाचं जनावर अन खाणाऱ्याला कळलंच नाही काय खाल्लं.

म्हणून माणसं मोजा. दोघं-चौघं असतील अन खाणाऱ्याला शेवंडीचं खरंच अप्रूप असेल तर शेपटी आणा. भावाकडे ११ जण येऊन राहिले, त्यात दोन म्हातारी माणसं न तीन पोट्टे, तिथे ११ शेपट्या म्हणजे पैसा पाण्यात, त्याला मी सरळ झिंगे सांगितले. माझी माय तर पहिल्याच वेळी बोलली होती, "येवढ्या पैशात पाटीभर झिंगे आले असते ना रे बाप्पा." अंगावर पित्त उठणारा, कोळंबीची अॅलर्जी असणारा कोणी असेल तर दोन्ही नको, त्याला गावरान कोंबडी.

शेपटी आणलीच तर पुढचा घोळ डीफ्रॉस्टचा. नियम असा की आदल्या रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायची, १०-१२ तासांत आपोआप सुटते. आमच्याकडे लाइन गेली की चार तास येत नाही, मग अंदाज चुकतो. दुसरा उपाय, बंद पिशवीत घालून गार पाण्यात अर्धा-पाऊण तास, मधे पाणी बदलायचं. पण मे महिन्यात टाकीचं पाणी हाताला चटका देते, त्यात बुडवली तर बाहेरून शिजल्यासारखी न आतून दगड. मी माठाचं पाणी वापरतो. एकदा सुटली की परत फ्रीजरला टाकायची नाही, त्याच दिवशी करायची.

शिजवायच्या चार पद्धती आहेत. उकळणं सगळ्यात सोपं वाटते, मोठा गंज (पातेलं हो), खारट पाणी, खळखळ उकळी आली की सोडायची, १५० ग्रॅमला ५-६ मिनिटं. मी वाट लावली ती इथेच. अर्धवट गोठलेली टाकली, मधलं शिजेना म्हणून ठेवत गेलो, १५ मिनिटांनी काढली तर आक्रसून मुठीएवढी. बायकोने एक घास चावला न म्हणे, "ही शेवंड आहे की खोडरबर?" शिवाय अर्धी चव पाण्यात जाते ती वेगळीच.

वाफवणं त्याहून चांगलं, न त्याला नवीन भांडं लागत नाही, इडलीपात्र घ्या. शेपटीत लांब बांबूची काडी खुपसा म्हणजे ती गोल वळत नाही, पाणी उकळलं की जाळीवर ठेवा, ७-८ मिनिटं. कुकर वापरायचाच तर शिट्टी काढून, प्रेशरमध्ये मिनिटभर जास्त झालं की संपलं. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच सांगेन, यात चुकायला जागा कमी. वास मात्र भाजल्यासारखा येत नाही.

ओव्हन. व्हिडिओत सगळे तेच करतात, शेपटीचं वरचं कवच कात्रीने मधोमध कापायचं, मांस बोटांनी सोडवून कवचावर उचलून बसवायचं, वरून लोणी, न वरच्या रॉडखाली ६-८ मिनिटं. दिसायला एकदम हॉटेल. पण आमच्या ओटीजीला (विजेचा छोटा ओव्हन) संध्याकाळी व्होल्टेजच पुरत नाही, रॉड नुसता गुलाबी होऊन बसतो, मांस भाजण्याऐवजी सुकते. तुमच्याकडे लाइट धड असेल तर नक्की करा, मला तर चुलीने वाचवलं.

निखारा म्हणजे माझा हात बसलेला प्रकार. चूल पेटवून बाभळीची लाकडं जळू द्यायची, धूर संपून लालबुंद निखारे उरले की त्यावर लोखंडी जाळी. शेपटी कात्रीने (मी शिवणकामाची वापरली, बायकोच्या शिव्या खाल्ल्या) लांबीत दोन फाडी करायची, मधली काळी शीर ओढून काढायची, लोणी चोपडून मांसाची बाजू खाली दीड-दोन मिनिटं, मग उलटवून कवचावर तीन-चार. कवच मांसाला जळू देत नाही, न लोणी त्याच कवचाच्या वाटीत उकळत राहते. घरचं लोणी लवकर करपते, त्यात अर्धं तूप घाला, न लसूण शेवटच्या मिनिटाला, नाहीतर कडू. हेच जाड तव्यावरही होते, सराट्याने (उलथण्याने) हलकं दाबायचं, धुराचा वास तेवढा नाही.

झाली कधी म्हणायचं? घड्याळावर जाऊ नका. कच्चं मांस काचेसारखं, आरपार दिसल्यासारखं असते, कडेपासून पांढरं होत मधे येते, सगळ्यात जाड जागी मधला काचेचा ठिपका गेला की त्याच क्षणी उतरवा. थर्मामीटर असेल तर आत ६० ते ६३ अंश. कवच लाल होते ते शिजल्याची खूण धरू नका, ते आधीच होते. लाल रंग कवचात असतोच, प्रथिनाला बांधलेला म्हणून हिरवट-तपकिरी दिसतो, उष्णता लागली की सुटतो. आमचा पोट्टा चुलीपाशी बसून ओरडला, "बाबा, पेटली पेटली!"

झिंग्याला एवढं काहीच नाही. मसाला-कांदा तेल सुटेस्तोवर भाजून घ्या, डोक्यांचा रस्सा उकळू द्या, न झिंगे अगदी शेवटी, ३-४ मिनिटं. लोक पहिलेच टाकून अर्धा तास शिजवतात, मग म्हणतात झिंगे चिवट निघाले.

न शेवंडीची खालेली कवचं भांड्यात गोळा करून घ्या, २० मिनिटं पाण्यात उकळून गाळा, दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात भात शिजवा. माझ्या मायने त्यात चार झिंगे टाकले होते, तो भात मात्र तिने दोनदा वाढून घेतला.