हेपॅटायटिस सी: सोफोसबुविर-वेलपॅटासविर की ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर?

हेपॅटायटिस सी विषाणूच्या आरएनएची प्रत काढणाऱ्या पॉलिमरेज विकराला स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. त्यामुळे सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांच्या या जनुकसंचात सतत बदल साचत राहतात आणि एकाच रुग्णाच्या रक्तातही किंचित वेगवेगळ्या विषाणूंचा समूह नांदत असतो. या विषाणूचे आजवर ८ जनुकप्रकार (जनुकीय रचनेनुसार केलेले गट) ज्ञात असून त्यांच्या क्रमांत सुमारे ३० टक्के फरक आढळतो. इंटरफेरॉन या जुन्या इंजेक्शनच्या औषधाच्या काळात हाच फरक निर्णायक होता, कारण प्रकार १ ला बहुधा ४८ आठवडे उपचार लागत, तर प्रकार २ व ३ ला २४. सोफोसबुविर-वेलपॅटासविर आणि ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर या आजच्या दोन्ही औषधजोड्या सर्व प्रकारांवर चालतात, म्हणून निवड करताना आधी यकृताची अवस्था पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

जलोदर (पोटात पाणी साचणे), यकृतविकारामुळे येणारी गुंगी अशी यकृत निकामी होत असल्याची लक्षणे आता असतील किंवा पूर्वी होऊन गेली असतील, तर ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविर टाळावेच लागते, कारण ग्लेकाप्रेविर हे प्रोटिएज-रोधक (विषाणूचे प्रोटिएज हे विकर रोखणारे औषध) अशा यकृताला घातक ठरू शकते. तेथे सोफोसबुविर-वेलपॅटासविर, शक्य असल्यास रिबाविरिन या विषाणूरोधक औषधासह, हाच मार्ग उरतो.

यकृत सावरलेले असेल, म्हणजे इजा असूनही आपले काम निभावत असेल, आणि उपचार प्रथमच होत असतील, तर मात्र ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविरचा ८ आठवड्यांचा अवधी मोठी सोय आहे. त्यासाठी रोज ३ गोळ्या एकदम, अन्नासोबत घ्याव्या लागतात. दुसरी जोडी १२ आठवडे चालते, पण रोज एकच गोळी पुरते आणि जेवणाचे बंधन नसते. प्रकार ३ सोबत सिरॉसिस (यकृतात व्रणांमुळे आलेला कठीणपणा) असल्यास जनुकप्रकाराला पुन्हा महत्त्व येते, कारण वेलपॅटासविर ज्यावर काम करते त्या विषाणूच्या एनएस५ए प्रथिनाच्या ९३व्या स्थानावरील एका विशिष्ट बदलामुळे त्याचा प्रभाव घटतो, आणि अशा वेळी रिबाविरिन जोडण्याचा विचार होतो.

चालू औषधांची यादी डॉक्टरांना पूर्ण सांगणे अत्यावश्यक आहे. सोफोसबुविरसोबत अमिओडॅरोन हे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील औषध घेतल्यास हृदयाची गती धोकादायकरीत्या मंदावू शकते आणि आम्लपित्तावरील औषधांमुळे वेलपॅटासविरचे शोषण कमी होते. ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटासविरसोबत अॅटोर्वास्टॅटिन किंवा सिम्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरील औषधे चालत नाहीत. रिफॅम्पिसिन (क्षयरोगावरील) व कार्बामाझेपिन (अपस्मारावरील) ही औषधे वरील दोन्ही जोड्यांचा प्रभाव कमी करतात. या उपचारांदरम्यान शरीरात दडलेला हेपॅटायटिस बी उफाळण्याची शक्यता असल्याने त्याची तपासणी कोणत्याही जोडीआधी करावीच.

औषधे संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू न आढळल्यास रुग्ण बरा झाला असे मानतात. आढळल्यास आणि यकृत सावरलेले असल्यास सोफोसबुविर-वेलपॅटासविरमध्ये वॉक्सिलाप्रेविर हे तिसरे औषध जोडलेला तिहेरी संयोग बहुधा १२ आठवडे देतात.