पेशी विभागल्यावर क्रोमोझोम कुठे बसतात: फिश की हाय-सी?
विभाजन झालं की घट्ट गुंडाळलेले क्रोमोझोम सैल होतात नि न्यूक्लियसमध्ये आपापली जागा धरतात, ते बघायचं कसं? त्यासाठी फिश आणि हाय-सी अशा दोन पद्धती आहेत.

फिशमध्ये रंगीत प्रोब (ठराविक डीएनएलाच चिकटणारे तुकडे) चिकटवले की थेट मायक्रोस्कोपखाली दिसतं, माणसाच्या लिम्फोसाइटमध्ये (एक पांढरी रक्तपेशी) १८ नंबरचा क्रोमोझोम कडेला आणि जीन्सनी खचाखच भरलेला १९ नंबरचा मधे, साइजमध्ये फार फरक नसूनही! पण एका वेळी मोजकेच तुकडे.

२००९ मध्ये आलेल्या हाय-सीत जवळ असलेले डीएनएचे तुकडे जोडून सिक्वेन्स करतात, अख्ख्या जीनोमचा नकाशा मिळतो, विभाजनात पुसले गेलेले टॅड (डीएनएचे आपसात जास्त जवळ राहणारे पट्टे) जी१ मध्ये, म्हणजे विभाजनानंतरच्या टप्प्यात, परत उभे राहताना त्यातच कळतात, फक्त ती बहुतेकदा लाखो पेशींची सरासरी असते आणि सगळ्या पेशी एकाच टप्प्यावर आणायची कटकट वेगळीच. कडेला की मधे एवढंच हवं असेल तर मी फिशच घेईन.